सव्विसावा आवाज

पिकअप गाडी शांत असावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. बनवणाऱ्याचीही नसते, कारण तिच्यात बसून त्याला कुठे जायचं नसतं. म्हणून बुधवारी दुपारी नत्थूकाकांनी माझ्या दुकानासमोर पिकअप लावली आणि "आतला आवाज काढून दे गा" म्हणाले, तेव्हा मी विचारलं, "कोणता?"

"असतील तेवढे."

मी केबिनमध्ये बसून दार ओढलं. दार लागल्याचा आवाज आला. दार लागून झाल्यावरही तो थोडा वेळ येत राहिला.

माझं दुकान हिंगणा रोडवर आहे. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे आणि फक्त गाडीच्या आतले आवाज काढतो. डॅशबोर्डची किरकिर, दाराची खुळखुळ, सीटखालची टकटक. इंजिनाला हात लावत नाही, तिथे माझ्यापेक्षा कमी शिकलेले आणि जास्त समजणारे लोक आहेत. बाहेर पाटी लावली आहे, 'येथे आवाज बंद करून मिळेल'. ती वाचून एकदा समोरच्या मंगल कार्यालयाचे शेजारी मोठ्या आशेने आले होते. बाकी गिऱ्हाईक बरोबर येतं.

नत्थूकाका सावनेरचे. वय साठीच्या अलीकडे, अंगाने बारीक, आणि बोलणं इतकं कमी की ते समोर उभे असले तरी फोनवर असल्यासारखे वाटतात. पंधरा वर्षांपासून ते आणि त्यांची बायको इंदूबाई पहाटे आजूबाजूच्या गावांतून भाजी उचलतात, गाडीच्या मागच्या डाल्यात, म्हणजे उघड्या हौद्यात, भरतात आणि सातच्या आत धरमपेठेत दुकान लावतात. गाडी चालवायची काकांनी, विकायचं इंदूबाईंनी. पण पोळ्यापासून इंदूबाई गाडीत बसायला तयार नव्हत्या.

"काहून?" मी विचारलं.

"म्हंते आवाज येते. किर्रर्र. डोकं उठते म्हंते."

"मग बाजारात कशा येतात?"

"एसटीनं. नऊ वाजते तिले. तवरोक मी विकतो." काकांनी मान हलवली. "विकत नाही गा. उभा राहतो."

खरी गोष्ट त्यानंतर बाहेर आली. इंदूबाईंनी परस्पर हिंगण्याच्या ओमप्रकाश नावाच्या माणसाला निरोप पाठवला होता. तो रविवारी गाडी पाहायला येणार होता, आणि पसंत पडली तर घेऊन जाणार होता. ही गाडी जाऊ द्या, दुसरी घ्या, नाहीतर दुकान बंद करा आणि मी घरी बसते, असं त्यांचं म्हणणं. शनिवारपर्यंत आवाज गेला तरच गाडी राहणार होती आणि इंदूबाई तिच्यात बसणार होत्या.

"गाडी तुम्हाला विकायची नाही ना?"

"पंधरा वर्षांत तिनं मले एकदाच धोका दिला," काका म्हणाले. "अन् तो पण गॅरेजच्या दारात."

आवाज शोधायची पद्धत सोपी आहे. माझ्याकडे हातभर रबरी नळी आहे. तिचं एक टोक कानात घालायचं, दुसरं ज्याच्यावर संशय आहे त्याच्याजवळ न्यायचं आणि बुक्की मारायची. निर्दोष भाग गप्प राहतो, दोषी बोलतो. सापडलेल्या प्रत्येक आवाजाला मी नंबर देतो आणि जे काढलं असेल ते, तुटकी क्लिप म्हणा, झिजलेला स्क्रू म्हणा, एका डब्यात ठेवतो. शेवटी तो डबा गिऱ्हाइकासमोर उघडावा लागतो. आपल्याकडे काढलेला पार्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असं कोणी मानत नाही. पार्ट कशाचा आहे हे कळलं नाही तरी चालतं. तो हातात घेऊन, उलटसुलट करून, 'हं' म्हटलं की काम पूर्ण.

बुधवार आणि गुरुवार मिळून मी पंचवीस आवाज काढले. डॅशबोर्डच्या चौदा क्लिपांपैकी नऊ गायब होत्या, उरलेल्या पाच सवयीने उभ्या होत्या. सीटबेल्टचं बक्कल पंधरा वर्षं खांबावर डोकं आपटत होतं, कारण त्याला कोणी कधी अडकवलंच नव्हतं. काचेच्या खाचेत फेल्टची नवी लोकरी पट्टी घातली, प्लास्टिक जिथे पत्र्याला घासत होतं तिथे कापडी टेप लावली, सीटच्या पट्ट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसवले. डाव्या दाराच्या पोटात एक कंगवा, वांग्याची वाळलेली देठं आणि एक लग्नपत्रिका निघाली. पत्रिका बारा वर्षांपूर्वीची होती आणि पाकीट फोडलेलं नव्हतं. नत्थूकाकांनी ते फोडून पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"लग्नाले गेलो नाही म्हणून यमुताई बोलत नाही," ते म्हणाले. "आमाले वाटलं तिले घमंड आली."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं एमआयडीसीत चक्कर मारून आलो. काचा बंद केल्यावर फक्त इंजिन ऐकू येत होतं, तेही शेजाऱ्याच्या घरचं असल्यासारखं. काकांनी काच एकदा खाली केली, पुन्हा वर केली. मग म्हणाले, "असं वाटते का आपण मेलो." मी हे प्रमाणपत्र समजून डबा उघडला. त्यांनी एकेक पार्ट हातात घेतला, पंचवीस वेळा 'हं' म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी दुपारी बाजार आटोपून परत आले.

"वाढला म्हंते."

"काय वाढला?"

"आवाज. पहिले दबून होता म्हंते, आता मोकळा झाला. काल पंपावर पाच मिनिटं बसवलं होतं तिले."

"पंपावर कशाला बसवलं?"

मग कळलं. इंदूबाईंना हा आवाज घरातही यायचा, कणीक मळताना, पूजा करताना, अगदी अंथरुणात पडल्यावरही. गाडी दारातच उभी असायची, तेव्हा तो गाडीचाच असणार यात दोघांनाही शंका नव्हती. काकांनी गाडी आधी गल्लीच्या तोंडावर लावून पाहिली. आवाज येतच राहिला. मग कापसाच्या जिनिंगच्या मागे लावली. तरी येतच राहिला. आता गाडी बायपासच्या पेट्रोल पंपावर उभी राहत होती आणि काका रोज दीड किलोमीटर चालत घरी जात होते.

"आणि आता?"

"आता पण येते," काका म्हणाले. "गाडी जुनी आहे गा. आवाज दूरलोक जाते तिचा."

खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. पण माझ्यासमोर एक उघडता येण्यासारखी गाडी उभी होती, आणि हातात स्क्रू ड्रायव्हर असला की माणूस कान बंद करतो. मी डॅशबोर्ड पुन्हा उतरवला. छताच्या कापडामागे फोम भरला. आरशाच्या मागे, बॅटरीच्या तारेखाली, जिथे आवाज यायचं काही कारण नव्हतं तिथेही टेप लावली. केबिन इतकी शांत झाली की मला माझ्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं, आणि ते थोडं मागे असल्याचं लक्षात आलं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "अजून वाढला म्हंते."

मी जितकं चांगलं काम करत होतो तितकी तक्रार वाढत होती. हा धंदा सुरू केल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं. आमच्या कामाचा एक नियम आहे: ज्याची तक्रार, त्याचा कान. ड्रायव्हरच्या सीटवरून जे ऐकू येतं ते शेजारच्या सीटवरून वेगळं ऐकू येतं. मी तीन दिवस चुकीच्या माणसाच्या शेजारी बसलो होतो.

"उद्या काकूंना घेऊन या," मी म्हणालो.

"ते गाडीत बसत नाही ना."

"मग कशातही आणा."

शनिवारी इंदूबाई सावनेरहून एसटीने नागपूरला आल्या, तिथून शहर बसने हिंगणा रोडवर. नत्थूकाका रिकामी पिकअप घेऊन अख्खा रस्ता त्यांच्या बसच्या मागे होते. पाटणसावंगीला कंडक्टरने खाली उतरून, आमचं काही पडलं का भाऊ, म्हणून विचारलं. काका नाही म्हणाले. कंडक्टरचं समाधान झालं नाही, पण बस गेली. काका पुन्हा मागे.

इंदूबाई काकांपेक्षा एक डोकं उंच होत्या आणि त्यांचा आवाज बाजारातल्या माणसाचा होता, दोन दुकानं पलीकडे सहज पोचणारा. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"तूच का थो आवाज वाढवणारा?"

मी खुर्ची दिली आणि फॉर्म काढला. माझ्याकडे तक्रारीचा छापील फॉर्म आहे. तो भरताना गिऱ्हाईक शांत होतं आणि मी डॉक्टर असल्यासारखा दिसतो.

"आवाज कसा आहे, काकू?"

"किर्रर्र. रातकिडा असते ना, तसा. पण थांबत नाही."

"कोणत्या वेगाला येतो? वीस, चाळीस?"

"सगळ्याईले."

"उभी असली तर?"

"तरी येते."

"इंजिन बंद केल्यावर?"

"मंग तं जास्तच येते."

पुढचा रकाना 'गाडी रिकामी की भरलेली' असा होता. तो मी विचारला नाही. पेन तिथेच थांबलं होतं.

"चला, एक चक्कर मारू," मी म्हणालो. "काकाजी, तुम्ही मागे डाल्यात बसा. केबिनमध्ये माणूस वाढला की आवाज बदलतो. आणि मी सांगितल्याशिवाय उतरू नका."

काका काही न विचारता डाल्यात चढले आणि रिकाम्या क्रेटवर बसले. इंदूबाई दारापाशी घुटमळल्या, पण गाडी मी चालवणार आहे हे पाहून चढल्या. तीन वाजायचे होते. शिफ्ट सुटायच्या आधीचे रस्ते मोकळे होते. मी एमआयडीसीच्या आतल्या बाजूला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीपाशी गाडी थांबवून किल्ली फिरवली. इंजिन गेलं.

"येतो?"

"येते."

"उतरा."

आम्ही दोघं उतरून भिंतीच्या कडेने चालायला लागलो. शंभर पावलं गेल्यावर विचारलं. येत होता. भिंत संपली, आम्ही पलीकडे वळलो, गाडी दिसेनाशी झाली. येत होता. मी वळून कोपऱ्यावरून पाहिलं. नत्थूकाका डाल्यात तसेच बसले होते. त्यांची बायको आवाजवाल्यासोबत चालत कुठे निघाली आहे याबद्दल त्यांना प्रश्न पडला असावा, पण उतरू नका असं मीच सांगितलं होतं.

मी परत जाऊन त्यांना म्हणालो, "काकाजी, गाडी घेऊन निघा. हिंगण्याच्या बाजूला दूर जा. पंधरा मिनिटांनी या."

"कुठं जाऊ?"

"कुठेही. चहा प्या."

गाडी गेली. आधी दिसत होती, मग तिचा आवाज राहिला, मग तोही संपला. भिंतीवर एक खार थांबली, आम्हाला पाहून निघून गेली. इंदूबाई मान थोडी तिरपी करून उभ्या होत्या. मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, "आहे."

"हं."

"म्हंजे गाडीत नाही."

"नाही, काकू."

"मंग माह्यात आहे." त्या भिंतीला टेकल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "मी पागल झाली का गा?"

"नाही, नाही. माझ्या बाबांना आहे हे. इथेच कारखान्यात होते, अठ्ठावीस वर्षं प्रेसवर. रिटायर झाले तरी कानात चालूच आहे. आम्ही त्याला घरी कंपनी म्हणतो. आई विचारते, आज कंपनी चालू आहे का? ते म्हणतात, ओव्हरटाइम आहे."

त्या हसल्या नाहीत. मीही हसण्यासाठी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ते तसंच बोलतात.

"तू आवाज काढते ना लोकांचे. त्याईचा नाही काढला?"

"त्यांच्या डोक्याला स्क्रू नाहीत. असते तर पाहिलं असतं उघडून."

इंदूबाईंनी पदराने तोंड पुसलं. हळू बोलायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना जमत नव्हता, किंवा आपण हळू बोलतोय की नाही हे त्यांना समजत नव्हतं.

"पोळ्याच्या दिवशी बैल गेले आमच्या दारावरून. झुला, बाशिंग, सगळं दिसून राहिलं. घुंगरू हालताना दिसले. पण ऐकू नाही आले. नुसतं किर्रर्र. मी पोराईले म्हटलं, औंदा घुंगरू काहून नाही वाजत? ते हासले मले. मंग म्या कोणाले काही सांगतलंच नाही."

"बाजारात?"

"बाजारात तोंडाकडं पाहतो लोकाईच्या. अर्धा किलो म्हनलं का पाव किलो, ओठावरून समजते थोडं थोडं. नाही समजलं तं जास्त टाकून देतो. गिऱ्हाईक खुश होते." गाडी गेली त्या दिशेला त्यांनी पाहिलं. "गाडीचा असता तं बरं झालं असतं गा. गाडी विकता येते. ओमप्रकाश घेऊन गेला असता, मी मोकळी झाली असती. कान कोणाले देऊ?"

फॉर्ममध्ये कानाचा रकाना नव्हता. मी म्हणालो, कानाच्या डॉक्टरला दाखवा, बाबांना यंत्र दिलं आहे, त्यांना बोललेलं ऐकू येतं. त्या ऐकत होत्या की माझ्या ओठांकडे पाहत होत्या, ते मला कळलं नाही.

दूरवर आमच्या गाडीचं इंजिन ऐकू यायला लागलं. म्हणजे मला. इंदूबाईंना गाडी कोपऱ्यावर दिसली तेव्हाच समजलं, आणि त्यांनी पटकन माझा दंड धरला.

"त्याईले सांगू नको. सापडला म्हण. गाडीतच होता म्हण. मी बसतो उद्यापासून गाडीत, चूपचाप बसतो. इकायची पण नाही. फक्त सापडला म्हण."

आता हा सौदा वाईट नव्हता. काकांची गाडी राहत होती, काकूंची लाज राहत होती, आणि सव्विसावा आवाज काढणारा म्हणून सावनेरपर्यंत माझं नाव होणार होतं. फक्त इंदूबाई उरलेलं आयुष्य ओठ वाचत आणि जास्तीची भाजी तोलत बसणार होत्या, शेजारी बसलेल्या माणसाला न सांगता. मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते माझं मलाच नक्की सांगता येणार नाही.

नत्थूकाका गाडीतून उतरले. पंधरा मिनिटं म्हणून सांगितलं होतं, ते चौदाव्या मिनिटाला हजर होते. चहा प्यायलेले दिसत नव्हते.

"सापडला का?"

मी इंदूबाईंकडे पाहिलं. "सापडला," म्हणालो.

काकांचा चेहरा इतका उजळला की मला खाली पाहावं लागलं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"दाखव."

मी त्या तळव्याकडे पाहत राहिलो. पंचवीस पार्ट त्यात ठेवून झाले होते. खिशात एक जुनी क्लिप होती, दुसऱ्या कोणत्यातरी गाडीची. ती काढून ठेवली असती तर त्यांनी उलटसुलट केली असती, 'हं' म्हणाले असते आणि सगळे घरी गेलो असतो. माझा हात खिशापर्यंत गेला.

"दाखव ना गा. कुठं होता?"

इंदूबाई पुढे आल्या. त्यांनी काकांचा तो पुढे धरलेला हात मनगटाशी पकडला, उचलला आणि आपल्या उजव्या कानावर ठेवला.

"इथं होता," त्या म्हणाल्या. "काढून दाखवता येत नाही."

शिफ्ट सुटली होती. मोटारसायकली आमच्या बाजूने वाहायला लागल्या, डबे हँडलला अडकवलेले, दोन-तीन जणांनी वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक माणूस बायकोचा कान धरून उभा आहे याचा लोक एकच अर्थ काढतात. एक जण "जाऊ द्या काका" म्हणून गेला. काकांनी हात काढला नाही. इंदूबाई सांगत गेल्या, बैल, घुंगरू, अर्धा किलो, पाव किलो, सगळं, त्यांच्या त्या दोन दुकानं ओलांडणाऱ्या आवाजात. काका ऐकत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि खूप विचार करून एकच प्रश्न विचारला.

"मंग मी पंपावर काहून लावून राहिलो होतो गाडी?"

"मले का माईत," इंदूबाई म्हणाल्या. रडत होत्या, पण त्यातही चिडल्या. "तुमी लावली. मी म्हटलं होतं का पंपावर लावा?"

"तूच म्हणाली होती, दूर लावा."

"दूर म्हणजे पंप?"

मी थोडा बाजूला झालो. पाच-सात मिनिटांनी काकांनी खिशातून फोन काढला आणि तो हातभर लांब धरून नंबर लावला.

"ओमप्रकाश? हो, मी. उद्या येऊ नको बाप्पा. नाही. नाही इकत. काही खराबी नाही गाडीत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "अरे म्हणूनच नाही इकत ना!"

सोमवारी ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, आणि मंगळवारी दुपारी बाजार आटोपून माझ्याकडे. दोघंही गाडीतूनच आले. इंदूबाईंना काचेच्या खोलीत बसवून कानाला टोपणं लावली होती आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं होतं. कितीतरी वेळा त्यांनी अंदाजाने दाबलं. डॉक्टरने ओळखलं आणि रागावला. उजवा कान जास्त गेला होता, डावा थोडा. उजव्याला यंत्र मिळणार होतं, पंधरा दिवसांनी. त्याने बोललेलं समजेल, पण किर्रर्र जाईलच असं सांगता येत नाही, त्याच्यासोबत राहायची सवय करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाला. आणि अगदी शांत जागी बसू नका, तिथे तो जास्त जाणवतो, आजूबाजूला थोडा आवाज असू द्या.

म्हणजे मी तीन दिवस खपून, फेल्ट आणि फोम लावून, त्यांच्या कानातल्या रातकिड्यासाठी नागपूर जिल्ह्यातली सगळ्यात शांत जागा तयार केली होती.

"एखांदा आवाज वापस टाक गा," नत्थूकाका म्हणाले. "लहानसा. दाराचा टाकला तरी चालन."

मला काढायचा अनुभव होता, घालायचा नव्हता. पण इंदूबाईच नको म्हणाल्या. "एक आहे तेवढा बस. अजून दुसरा नको."

"रेडिओ लावा मग."

"रेडिओत बाई हासते. कायले हासते समजत नाही." मग त्या काकांकडे न पाहता म्हणाल्या, "काल दवाखान्यातून येताना हे बोलून राहिले होते. डॉक्टर काय म्हणाला, यंत्र कसं लावायचं, ते. जोरानं बोलून राहिले होते. तवा किर्रर्र कमी होता."

"किती वेळ बोलले?"

"सदर ते धरमपेठ. मंग संपलं त्याईचं."

मी काकांकडे पाहिलं. गाडी विकायची वेळ आली होती तेव्हाही ते इतके घाबरलेले दिसले नव्हते.

"काय बोलू गा मी?" ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "रोज जायचं एक तास, यायचं एक तास. सगळं तं माईत आहे तिले. माह्याजवळ नवीन काहीच नाही."

"जे दिसतं ते बोला."

"अन् नाही दिसलं तं?"

याचं उत्तर चाचणी घेतल्याशिवाय देता येत नव्हतं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि काटोल नाक्यापर्यंत त्यांच्यासोबत निघालो. त्या सीटवर ड्रायव्हर धरून तिघं बसतात, फक्त तिसऱ्याने श्वास जपून घ्यायचा. मी दाराशी, इंदूबाई मधे, उजवा कान काकांकडे. गाडी रस्त्याला लागली. एकही क्लिप वाजली नाही. काकांनी घसा साफ केला.

"टायर," ते म्हणाले. "पंक्चर. हवा."

"जोरानं."

"टायर! पंक्चर! हवा फुकट! दवाखाना, जनावरांचा! येथे गाडी लावू नये! लावली आहे!"

"कोणती?"

"पांढरी. एक म्हैस. अजून एक म्हैस."

"तीन आहेत," इंदूबाई म्हणाल्या. "थे मागं लहान आहे."

"ते वगार आहे. वगार म्हैस नसते."

"मंग काय असते?"

असं रिंग रोडपर्यंत चाललं. काकांना घाम आला होता, पण ते पाटी सोडत नव्हते. गतिरोधक पुढे आहे हेही त्यांनी मोठ्याने वाचलं आणि वाचण्याच्या नादात त्याच्यावरून तसेच गेले. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या उंच भिंती आल्या. पाट्या संपल्या, म्हशी संपल्या. काका समोर पाहत होते, तोंड उघडं होतं, त्यातून काही येत नव्हतं. इंदूबाईंनी मान थोडी तिरपी केली.

"आला," त्या म्हणाल्या.

काकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बरंच पुढे गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, त्यांच्या नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "पोळ्यापासून हे सीट रिकामंच होतं. पण गतिरोधक आला का माह्या हात आडवा जायचाच. तुले धराले. रिकाम्या सीटलेच धरो मी."

इंदूबाई त्यांच्याकडे वळल्या. "काय म्हणाले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर भिंत पाहायला लागलो. इतकी नीट बांधलेली भिंत मी कधी पाहिली नव्हती. केबिनमध्ये दुसरा कुठलाही आवाज नव्हता, ज्याच्याआड त्यांना जाता आलं असतं, आणि त्याला जबाबदार मीच होतो.

"गतिरोधक आला का," काका मोठ्याने म्हणाले, "माह्या हात आडवा जाये! तुह्या सीटवर! तू नसली तरी!"

"अजून एकदा."

मागून कंपनीची बस हॉर्न देत होती. काकांनी गाडी हळू केली, पूर्ण तिच्याकडे वळले आणि बाजारात भाव ओरडतात तसं, एकेक शब्द वेगळा करून, ते तिसऱ्यांदा सांगितलं. शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याने ब्रेक लावला आणि आत डोकावून पाहिलं.

इंदूबाई सरळ बसल्या. पदर नीट केला.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "समोर पाहा आता. पाटी आली, वाचा."